‘सगळे फोटो ३०० डीपीआयमध्ये पाठवा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

गणपती गावाला गेले की छापखान्यांना उसंत नसते. दिवाळी अंक, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, नव्या वर्षाची कॅलेंडरं, सगळं एकदमच येऊन थडकतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा चित्र छापायचं तर त्याचा ठसा करून घ्यावा लागे. आज दीडशे फोटो एका पेनड्राइव्हवर मावतात. त्यांच्यासोबत मुद्रकाचा एक निरोपही हमखास येतो: ‘सगळे फोटो ३०० डीपीआयमध्ये पाठवा.’

संपादक मंडळात संगणक येणारा जो कुणी असेल, तो मग कामाला लागतो. एखादं सॉफ्टवेअर शोधतो आणि सगळे फोटो एका फटक्यात ‘३०० डीपीआय’ करून टाकतो. फाइलची माहिती उघडली की ३०० दिसतंही. पण अंक हातात येतो तेव्हा संस्थापकांचा चेहरा धूसर, गटफोटोतली मागची रांग ओळखू न येणारी.

मी स्मरणिका आणि अंकांची मांडणी करते. या एका ओळीपायी चांगले फोटो वाया जाताना पाहून वाईट वाटतं, कारण करणाऱ्याने सांगितलं तेच केलेलं असतं. सांगण्यातच अर्धी गोष्ट राहून गेलेली असते. ती इथे पूर्ण सांगते.

फोटोला इंच नसतात

मोबाइलमधला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या रांगा. या एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फोटो ४००० बाय ३००० आहे म्हणजे एका रांगेत ४००० ठिपके आणि अशा ३००० रांगा. एकूण १ कोटी २० लाख ठिपके, म्हणून तो १२ मेगापिक्सेलचा. फोटोकडे खरी पुंजी काय ती एवढीच. त्याला लांबी-रुंदी इंचात नसते. इंच येतात ते कागदावर उतरवताना.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘पंधरा ठिपके पंधरा ओळी’. ठिपके बोटभर अंतरावर दिले तर रांगोळी उंबऱ्यापाशी मावते, वीतभर अंतरावर दिले तर अंगण भरतं. नक्षी तीच आणि ठिपकेही तेवढेच, बदललं ते फक्त अंतर. जवळ दिलेल्या ठिपक्यांची रांगोळी भरीव दिसते, लांब दिलेल्यांची विरळ. एका इंचात किती ठिपके बसवायचे याचा आकडा म्हणजे डीपीआय. जाणकार पडद्यावरच्या पिक्सेलसाठी पीपीआय आणि छपाईयंत्राच्या शाईच्या ठिपक्यांसाठी डीपीआय असा फरक करतात. तो बरोबर आहे, पण छापखान्यात दोन्हीला डीपीआयच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

तर ४००० ठिपके इंचाला ३०० या हिशोबाने मांडले तर फोटो सव्वातेरा इंच रुंद होतो. इंचाला १०० मांडले तर ४० इंच. फोटो एकच आहे, त्यातला एकही ठिपका हललेला नाही. ‘हा फोटो ३०० डीपीआयचा आहे’ हे वाक्य म्हणूनच एकटं असताना काहीच सांगत नाही. किती इंचांत छापल्यावर ३००, हे सोबत सांगितलं तरच त्याला अर्थ येतो.

मग फाइलच्या माहितीत दिसणारा ७२ किंवा ३०० हा आकडा कसला? ती फाइलला चिकटवलेली एक चिठ्ठी आहे. कॅमेऱ्याने किंवा फोनने ती आपल्या सवयीने लावून दिलेली असते. त्यातला ७२ तर १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून चालत आला आहे. त्याच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, कारण छपाईत अक्षरांचं मोजमाप इंचाला ७२ पॉइंट असं धरतात आणि पडदा त्या मापाशी जुळवला होता. आज फोनच्या फोटोवर ७२ दिसतं म्हणून तो फोटो ‘लो रिझोल्यूशन’ ठरत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो ७२ ची चिठ्ठी घेऊन आला तरी उत्तम, आणि ६०० पिक्सेलचा फोटो ३०० ची चिठ्ठी लावून आला तरी दोनच इंचांपुरता.

३०० हा आकडा आला कुठून

दोन वाटांनी. पहिली वाट डोळ्याची. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. पुस्तक आपण फूटभर अंतरावर धरतो. त्या अंतरावर हा हिशोब केला तर इंचाला २८६ बिंदू येतात. त्यापेक्षा दाट ठिपके दिले तर डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. ३०० ही त्याचीच सोयीची गोळाबेरीज.

दुसरी वाट ऑफसेट छपाईची. छापलेल्या अंकातला फोटो भिंगाखाली धरून बघा. गालाचा गुलाबी रंग तिथे गुलाबी नसतो. निळसर, किरमिजी, पिवळे आणि काळे असे बारीक ठिपके ठरावीक कोनांत फिरून एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांची छोटी छोटी फुलं झालेली दिसतात. या ठिपक्यांच्या जाळीला स्क्रीन म्हणतात. चांगल्या आर्ट पेपरवर ती इंचाला १५० ते १७५ ओळींची असते, वर्तमानपत्राच्या कागदावर ८५ ते १००. कारण वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो, आणि फार बारीक जाळी दिली तर सगळं काळवंडून जातं. जाळीत इंचाला जितक्या ओळी, त्याच्या दीड ते दुप्पट पिक्सेल फोटोत असावेत असा छपाईतला जुना नियम आहे. १५० ची दुप्पट ३००. वर्तमानपत्राला त्याच नियमाने १७० ते २०० पुरतात.

म्हणजे ३०० हा हातात धरून वाचायच्या, चांगल्या कागदावर छापायच्या वस्तूसाठीचा आकडा आहे. त्याखाली फोटो लगेच बिघडतो असं नाही. २५० ला फरक क्वचितच कुणाच्या लक्षात येतो, २०० ला लोकांचे फोटो बहुतेकदा निभावतात. १५० च्या खाली मात्र डोळ्यांच्या पापण्या, साडीचे काठ, फलकावरची अक्षरं मऊ पडायला लागतात. मुद्रक ज्याला ‘फोटो फाटला’ म्हणतात, ती अवस्था तिथून सुरू होते.

सगळा घोटाळा एका चौकोनात

फोटोशॉपमध्ये ‘इमेज साइज’ची खिडकी उघडली की रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन असे तीन रकाने दिसतात. शेजारी एक छोटा चौकोन असतो, ‘रिसॅम्पल’ नावाचा. सगळं त्या चौकोनातल्या खुणेवर अवलंबून आहे.

खूण काढली आणि रिझोल्यूशनमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिलं, तर फक्त चिठ्ठी बदलते. ठिपके तेवढेच राहतात आणि इंचांचा आकडा आपोआप कमी होतो. फोटोला इजा होत नाही.

खूण तशीच ठेवून ३०० लिहिलं, तर सॉफ्टवेअर समजतं की इंच तेवढेच हवेत आणि ठिपके दाट करायचे आहेत. आता ८०० पिक्सेल रुंदीचा एक फोटो घ्या. ७२ च्या चिठ्ठीनुसार तो ११.१ इंचांचा. खूण ठेवून ३०० केलं की तो ३३३३ पिक्सेल रुंद होतो. रुंदी सव्वाचार पटीच्या जवळ गेली, उंचीही तितकीच, म्हणजे एकूण ठिपके सतरा पटींवर गेले. दर सतरा ठिपक्यांमागे सोळा सॉफ्टवेअरने शेजारच्यांकडे बघून सरासरीने भरलेले. पापणीचा केस मूळ ठिपक्यांत नव्हता, तो त्या सोळांतही येत नाही. येतो तो फक्त गुळगुळीतपणा. फाइल फुगते, गुणधर्मात ३०० दिसतं, मुद्रकाची तपासणीही पार पडते, आणि छापल्यावर चेहरा मेणाचा दिसतो.

चांगल्या फोटोचंही या खुणेने नुकसान होतं. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो ७२ ची चिठ्ठी घेऊन आला आणि खूण ठेवून ३०० केला, तर तो १६६६७ बाय १२५०० होतो. वीस कोटींहून जास्त ठिपके, उघडल्यावर सहाशे एमबीच्या वर मेमरी. असे पन्नास फोटो एकदम करायला घेतले की संगणक अडतो, आणि मग वैतागून माणूस ‘लहान करा’ असं काहीतरी दाबतो. त्यात मूळ फोटोही जातात.

गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही दोन कामं वेगळ्या नावांनी ठेवली आहेत. ‘प्रिंट साइज’ फक्त चिठ्ठी बदलतं, ‘स्केल इमेज’ ठिपके बदलतं. नवशिक्याला ही रचना मला जास्त सुरक्षित वाटते.

आधी जागा, मग आकडा

म्हणून सुरुवात फोटोपासून करू नका, पानापासून करा. हा फोटो पानावर किती रुंद बसणार आहे? ती रुंदी इंचात घ्यायची आणि ३०० ने गुणायची. सेंटिमीटर असतील तर आधी २.५४ ने भागायचं.

ए फोर आकाराची दोन कॉलमची स्मरणिका धरू. एका कॉलमची रुंदी साडेआठ सेंटिमीटर असेल तर तिथल्या फोटोला साधारण १००० पिक्सेल रुंदी पुरते. दोन्ही कॉलम व्यापणारा साडेसतरा सेंटिमीटरचा गटफोटो असेल तर २०७० लागतील. पूर्ण पानभर फोटो असेल तर ए फोरला २४८० बाय ३५०८ हवेत. पण पान कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त छापतात, त्याला ब्लीड म्हणतात. ते धरून २५५० बाय ३५८०. देणगीदारांच्या ३ बाय ४ सेंटिमीटरच्या छोट्या फोटोंना मात्र ३५५ बाय ४७२ एवढेच बास होतात.

एकाच अंकात रुंदीची गरज ३५५ पासून २५५० पर्यंत, सातपट बदलते. म्हणूनच सगळ्या दीडशे फोटोंना एकच माप लावून ‘बॅच’ मारणं, म्हणजे एका आज्ञेत सगळे बदलणं, चुकीचं आहे. आधी फोटोंचे गट करा: कॉलमचे, गटफोटो, पूर्ण पान, देणगीदार. चार फोल्डर, चार मापं, चार फेऱ्या. हे वर्गीकरण करण्यात एक संध्याकाळ जाते, पण पुढचं काम त्यानंतर खरोखर मिनिटांचं असतं.

घाऊक काम करताना काय सांभाळायचं

एकेक फोटो उघडून करायची गरज नाही. विंडोजवर इरफानव्ह्यूमध्ये ‘बॅच कन्व्हर्जन’ आहे, आणि एक्सएनकन्व्हर्ट विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. दोन्ही घरगुती वापरासाठी मोफत आहेत. फोटोशॉप असेल तर त्यात ‘इमेज प्रोसेसर’ आहे. पडद्यावर आज्ञा टाइप करायची सवय असेल त्याला इमेजमॅजिकसारखं दुसरं साधन नाही. फक्त त्याची ‘मॉगरिफाय’ ही आज्ञा वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर मूळ फाइलवरच लिहिते, हे पक्कं लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पहिली गोष्ट एकच: मूळ फोटोंच्या फोल्डरला हात लावायचा नाही. निकाल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये. एकदा १००० पिक्सेलचा केलेला फोटो परत ४००० चा होत नाही, आणि छपाईला जायच्या आदल्या रात्री संपादकांना तोच फोटो मुखपृष्ठावर हवासा वाटतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इरफानव्ह्यूच्या प्रगत पर्यायांत ‘लहान फोटो मोठे करू नका’ अशा अर्थाची एक खूण आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही तसा पर्याय सापडतो. ती लावलीच पाहिजे. मग मापापेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि आधीच लहान असलेले जसेच्या तसे राहतात. त्यानंतर निकालाचं फोल्डर पिक्सेलच्या क्रमाने लावून बघा. तळाला जे उरतील, ते खरोखर अपुरे फोटो. त्यांची यादी करून ज्यांनी पाठवले त्यांना फोन करा. ही खूण लावली नाही तर अपुरे फोटोही फुगून बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसतात आणि छापून येईपर्यंत ओळखू येत नाहीत.

लहान करताना पद्धत विचारली तर ‘लँक्झॉस’ किंवा ‘बायक्युबिक’ निवडा. दोन्ही पद्धती आजूबाजूच्या बऱ्याच ठिपक्यांचा विचार करून नवा ठिपका ठरवतात, म्हणून कडा नीट राहतात. ‘निअरेस्ट’ निवडलं तर तिरप्या रेघांना करवतीसारखे दात येतात. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण असू द्या, नाहीतर माणसं जाडी किंवा उंच होतात. डीपीआयच्या रकान्यात ३०० लिहा. आता ते लिहिण्याला अर्थ आहे, कारण ठिपके त्या हिशोबाने मोजलेले आहेत.

जेपीजी साठवताना गुणवत्ता ९० ते ९५ ठेवा आणि एकदाच साठवा. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला कमी जाणवेल असा तपशील टाकून जागा वाचवतं. हे टाकणं दर वेळी साठवताना होतं. थोडं कापलं, साठवलं, थोडं उजळ केलं, पुन्हा साठवलं, असं चार हातांतून गेलेल्या फोटोत व्यासपीठामागचा फलक मोठा करून पाहा. शिरोरेषेच्या भोवती राखाडी धूळ उडाल्यासारखी दिसेल, आणि ‘ध’ आहे की ‘घ’ हे कळणार नाही. मधल्या टप्प्यांवर टिफमध्ये, म्हणजे तपशील न टाकणाऱ्या फाइलप्रकारात, साठवलं तर ही धूळ बसत नाही, फक्त फाइल जड होते.

आणखी दोन बारीक गोष्टी बॅचमध्ये नेहमी निसटतात. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आतून आडवाच साठवलेला असतो, ‘हा फिरवून दाखवा’ अशी खूण त्याच्यासोबत असते. काही सॉफ्टवेअर ती खूण पुसतात आणि फोटो फिरवायचं विसरतात. आपोआप फिरवण्याचा पर्याय आधी चालू करा. दुसरी गोष्ट रंगांची. आयफोन ७ पासूनचे आयफोन नेहमीपेक्षा रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतात आणि तशी नोंद फाइलमध्ये असते. फाइल हलकी करायला म्हणून सगळी नोंद काढून टाकली की शालूचा लाल रंग उतरलेला दिसतो. नोंद राहू द्या, किंवा आधी एसआरजीबीमध्ये, म्हणजे नेहमीच्या रंगपट्ट्यात, बदलून घ्या. छपाईच्या चार शाईंचं, म्हणजे सीएमवायकेचं रूपांतर मुद्रकाने मागितलं नसेल तर करू नका. ते त्याच्या कागदाप्रमाणे आणि यंत्राप्रमाणे तोच नीट करतो.

डोकी का कापली जातात

फोनचा फोटो ४:३ प्रमाणाचा, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२, आणि लॅबमधून येणारी ४ बाय ६ ची प्रिंटही ३:२. लग्नाचे किंवा सहलीचे फोनवरचे फोटो घाऊक प्रिंट करायला दिले की ४००० बाय ३००० मधल्या उंचीपैकी ३३३ ठिपके कापावेच लागतात, म्हणजे नववा भाग. यंत्र वरून अर्धे आणि खालून अर्धे कापतं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या उंच काकांचा फेटा तिथेच जातो.

याला घाऊक उपाय नाही, हे मान्य करून टाकावं. गटफोटो हातानेच कापावेत. किंवा प्रिंट देताना ‘पूर्ण फोटो, कडेला पांढरी पट्टी चालेल’ असं लॅबला स्पष्ट सांगावं. डोंगर, देऊळ, पंगतीची लांबलचक रांग असल्या फोटोंना यंत्राची कात्री सहसा त्रास देत नाही.

‘व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो अजिबात चालत नाही का?’

चालतो, पण कुठे ते बघावं लागतं. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅप लहान करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते आणि जेपीजीही जोरात दाबलेलं असतं. १६०० बाय १२०० म्हणजे ३०० ने साडेतेरा सेंटिमीटर रुंदी. कॉलमच्या फोटोला ते पुरून उरतं. दोन कॉलमच्या गटफोटोला २३० च्या आसपास पडतं, तेही निभावेल. पण तोच फोटो उभा करून पूर्ण पानावर ब्लीडसकट पसरला तर इंचाला जेमतेम १३४ उरतात. तिथे तो फाटणारच.

२०२३ पासून एचडी पाठवायचा पर्याय आला आहे, तो बरा आहे. त्याहून बरं म्हणजे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणं. मग फाइल जशी आहे तशीच जाते. गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांकडून फोटो मागवताना निवेदनात ही एक ओळ घाला, नंतरची निम्मी डोकेदुखी वाचेल. फोटो एका गटातून दुसऱ्या गटात फिरत आला असेल तर ज्याने काढला त्याच्यापर्यंत पोहोचा. त्याच्या फोनमध्ये मूळ फोटो बहुतेक वेळा असतोच.

ऑनलाइन अर्जांसाठी केलेले फोटो हा याचाच आणखी एक प्रकार. बँकांच्या भरती परीक्षांच्या अर्जात २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असा फोटो मागतात. मुलं तसा करून घेतात आणि पुढे तोच एक फोटो सगळीकडे वापरत राहतात. साडेतीन सेंटिमीटर रुंदीच्या पासपोर्ट फोटोला ४१३ पिक्सेल लागतात, इथे निम्मेही नाहीत. गुणवंतांच्या पानावर सगळे चेहरे धूसर दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

‘पण फाइल तर पाच एमबीची आहे’

एमबी म्हणजे फाइलचं वजन, ठिपक्यांची संख्या नव्हे. एकाच १२ मेगापिक्सेलच्या फोटोची फाइल दीड एमबीचीही होते आणि सहा एमबीचीही. किती दाबलं आणि चित्रात किती बारकावे आहेत, यावर ते ठरतं. निरभ्र आकाशाचा फोटो हलका, वडाच्या पानांचा जड. वर सांगितलेला सतरा पट फुगवलेला फोटोही वजनदारच असतो. म्हणून फाइलची माहिती उघडून पिक्सेल बघा, एमबी बघू नका.

‘माझा फोन १०८ मेगापिक्सेलचा आहे’ असंही ऐकू येतं. असे फोन नेहमीच्या सेटिंगवर शेजारचे नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि कमी उजेडात तोच जास्त स्वच्छ असतो. ए फोरच्या पूर्ण पानाला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे १२ मध्ये काम भागतं. हात हलला असेल किंवा नेम चुकला असेल, तर १०८ ही उपयोगाचे नाहीत.

‘एआय मोठा करून देतं की’

देतं, आणि दिसायला छानही देतं. साध्या पद्धतीने मोठं करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी भरली जाते. एआय त्याऐवजी लाखो फोटो पाहून शिकलेल्या अंदाजाने तपशील रचतं. विटांची भिंत, गवत, आकाश यांच्याबाबत कुणाचं काही बिघडत नाही. पण स्मरणिकेतल्या माणसांच्या बाबतीत मला हे पटत नाही. १९७० च्या गटफोटोतल्या एखाद्या बाईंचा वीस पिक्सेलचा चेहरा एआयला दिला की ते सुबक डोळे आणि रेखीव ओठ काढून देतं, पण ते त्या बाईंचे नसतात. त्यांच्या मुलीला पान उघडताक्षणी कळतं की ही आपली आई नाही. फलकावरच्या देवनागरी अक्षरांचंही एआय असंच काहीबाही करतं. जोडाक्षर दिसायला ठसठशीत, वाचायला जावं तर निरर्थक.

त्यापेक्षा फोटो लहान छापावा. सहा सेंटिमीटरचा खरा चेहरा पानभर खोट्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही मोलाचा.

जुना कागदी फोटो घरात असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, स्कॅन करा. इथे डीपीआयचा आकडा खरं काम करतो, कारण स्कॅनर कागदाच्या दर इंचातून खरोखर तितके ठिपके उचलतो. २ बाय ३ इंचांचा कृष्णधवल फोटो ६०० ला स्कॅन केला की १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट मोठा, ४ बाय ६ इंच, नीट छापता येतो.

फ्लेक्सला ३०० लागत नाहीत

अंकाच्या प्रकाशनाचा दहा फुटी फ्लेक्सही त्याच संगणकावर बनतो आणि कुणीतरी तिथेही ३०० चा हट्ट धरतं. दहा फूट गुणिले ३०० म्हणजे ३६००० पिक्सेल. कुठल्याच नेहमीच्या कॅमेऱ्यातून तेवढे मिळत नाहीत आणि लागतही नाहीत. डोळ्याचा मघाचा हिशोब अंतराप्रमाणे उतरतो: फूटभरावर २८६, दहा फुटांवर २९. चौकातला फ्लेक्स लोक दहा-वीस फुटांवरून बघतात. छपाईवाले सुरक्षित म्हणून ७२ ते १०० मागतात, ते अगदी पुरेसं आहे. व्यासपीठामागे लावायचा आणि ज्याच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढणार, तो १०० च्या जवळ ठेवावा.

बॅच करायचीच गरज नसते तेव्हा

अंकाची मांडणी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर मूळ मोठे फोटोच पानावर ठेवा. ‘लिंक्स’च्या खिडकीत फोटोवर टिचकी मारली की दोन आकडे दिसतात: ‘अॅक्चुअल पीपीआय’ म्हणजे चिठ्ठीवरचा आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ म्हणजे पानावर ज्या मापात फोटो बसवला आहे त्या मापातला खरा. दुसरा आकडा बघायचा. ७२ ची चिठ्ठी असलेला फोनचा फोटो कॉलममध्ये बसवला की तिथे हजाराच्या वर आकडा दिसतो. ‘प्रीफ्लाइट’मध्ये, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीत, २०० च्या खालचा फोटो आला की लाल खूण दाखव, असं एकदा सांगून ठेवता येतं. पीडीएफ काढताना ‘हाय क्वालिटी प्रिंट’ निवडलं की ४५० च्या वरचे फोटो सॉफ्टवेअर स्वतःच ३०० वर आणतं. घाऊक काम तिथेच, प्रत्येक फोटोच्या नेमक्या मापाने होतं.

कोरलड्रॉमध्ये, जिथे आपल्याकडचं निमशहरी छापखान्यांचं बरंच काम चालतं, फोटो सहसा फाइलच्या आतच भरले जातात. चाळीस पानांत मोठे फोटो घातले की फाइल उघडायलाच वेळ लागतो. तिथे आधी गटवार लहान करून घेणं खरोखर फायद्याचं आहे.

आणि शेवटची पीडीएफ मुद्रकाला देताना ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ कधीही निवडू नका. ती पडद्यावर वाचण्यासाठी आहे आणि सगळे फोटो १०० च्या आसपास आणून ठेवते. संपादक मंडळाला तपासायला ती हलकी प्रत पाठवायची असेल तर तिच्या नावातच ‘फक्त वाचनासाठी’ असं लिहा. दोन्ही पीडीएफ एकाच नावाच्या असल्या की छापखान्यात हलकी प्रत प्लेटवर चढायला वेळ लागत नाही.